सवलत वाढली, मग बिल का वाढलं?

बंगळुरूच्या जयनगरमधलं एक मराठी घर डोळ्यांसमोर आणा. कुटुंब मूळचं बेळगावचं. नवरा खासगी कंपनीत, बायको बँकेतून नुकतीच निवृत्त झालेली. दारात तीन वर्षांची मोटार. रविवारची सकाळ, गॅसवर कॉफीचं दूध, आणि नवऱ्याच्या मोबाइलवर विमा कंपनीचा संदेश येतो: अभिनंदन! तुमचा नो क्लेम बोनस २५ वरून ३५ टक्के झाला आहे. वर्षभर गाडीला ओरखडाही न लावल्याचं बक्षीस. गृहस्थ खूश होतात, कॉफीचा दुसरा पेला मागतात.

मग खालची रक्कम दिसते. गेल्या वर्षी ६,१०० रुपये भरले होते. यंदा ८,५६० मागितले आहेत.

"अहो, सवलत वाढली म्हणताय ना? मग बिल कसं वाढलं?"

"आता सगळंच वाढतंय, तसं हेही वाढलं असेल."

पण बँकेत तीस वर्षं खातेवह्या जुळवलेल्या बाईंना असलं उत्तर चालत नाही. त्या चष्मा लावतात, कॅलक्युलेटर घेतात आणि जुनी पॉलिसी शोधायला कपाट उघडतात.

घर कल्पनेतलं आहे, पण हिशेब अगदी खरा. गाडी घेतल्याला तीन वर्षं झालेल्या असंख्य घरांत चौथ्या वर्षी हाच प्रश्न पडतो. त्याचं उत्तर शोधायचं तर आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मोटारीचा विमा म्हणून आपण जो एक आकडा भरतो, तो प्रत्यक्षात दोन वेगळ्या विम्यांचा असतो. एक आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं काही बरंवाईट झालं तर त्याच्या भरपाईचा, म्हणजे थर्ड पार्टी. दुसरा आपल्याच गाडीच्या नुकसानीचा आणि चोरीचा, ज्याला कंपन्या ओन डॅमेज म्हणतात. जाहिरातीतली सगळी सवलत या दुसऱ्या भागावर असते. पहिल्या भागाला ती शिवतही नाही.

थर्ड पार्टी विमा कायद्यानं सक्तीचा आहे, आणि त्याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. पूर्वी हे काम विमा नियामक प्राधिकरण करत असे. २०२२ पासून केंद्राचं रस्ते वाहतूक मंत्रालय दर जाहीर करतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीच्या मोटारीला ३,४१६ रुपये आणि त्यापुढच्या मोठ्या गाडीला ७,८९७ रुपये ठरले. तुम्ही वीस वर्षं एकही अपघात केला नसेल तरी हेच, आणि दर सहा महिन्यांनी कुणाला तरी धडकत असाल तरी हेच. या दरात सवलत आहे ती गाडीच्या जातीला. विजेवरच्या मोटारीला १५ टक्के आणि हायब्रिडला साडेसात टक्के. चालवणाऱ्याच्या हाताला सवलत नाही.

आता चौथ्या वर्षाची गंमत. विम्याशिवाय धावणाऱ्या गाड्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर होता. जुलै २०१८ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की नवी मोटार विकतानाच तीन वर्षांचा आणि नवी दुचाकी विकताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम उतरवला पाहिजे. १ सप्टेंबर २०१८ पासून तसं सुरू झालं. त्यामुळे गाडी घेताना तीन वर्षांची ही रक्कम आपण आधीच भरून टाकतो, बहुधा कर्जाच्या आणि रजिस्ट्रेशनच्या गडबडीत, आणि मग विसरून जातो. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी फक्त ओन डॅमेजचं बिल येतं. चौथ्या वर्षी थर्ड पार्टी पुन्हा दारात उभा राहतो.

बाईंनी मांडलेला हिशेब असा. गाडी १,२०० सीसीच्या आतली. गेल्या वर्षी कंपनीनं गाडीची किंमत धरली ७ लाख. दरपत्रकाप्रमाणे ओन डॅमेजचा मूळ दर शेकडा ३.२८३, म्हणजे २२,९८१ रुपये. त्यावर कंपनीची सवलत समजा ७० टक्के, उरले ६,८९४. त्यातून २५ टक्के बोनस वजा जाता ५,१७१. त्यावर १८ टक्के जीएसटी. झाले ६,१०० रुपये. यंदा गाडीची किंमत उतरून ६ लाख धरली. मूळ प्रीमियम १९,६९८, कंपनीच्या सवलतीनंतर ५,९०९, ३५ टक्के बोनसनंतर ३,८४१. इथपर्यंत खरोखरच बचत झाली. पण त्यात थर्ड पार्टीचे ३,४१६ मिळवले, वर १८ टक्के जीएसटी लावला, की ८,५६० पूर्ण. मालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याचे पैसे यात धरलेलेच नाहीत, ते आणखी वेगळे.

म्हणजे ३५ टक्क्यांचा बोनस पूर्ण बिलाच्या मानानं पाहिला तर जेमतेम २२ टक्के भरतो. जाहिरात खोटी नव्हती. फक्त टक्के कशाचे, ते तिनं सांगितलं नव्हतं.

यातली कंपनीची ७० टक्के सवलत हे प्रकरणही समजून घेण्यासारखं आहे. १ जानेवारी १९७३ पासून देशातला सर्वसाधारण विमा सरकारी झाला. शंभराहून जास्त कंपन्या चार कंपन्यांत विलीन केल्या गेल्या आणि मोटारीच्या विम्याचा दर देशभर एकाच दरपत्रकानं ठरू लागला. ते दरपत्रक शेवटचं नीट बांधलं गेलं २००२ मध्ये. गाडीचं वय, इंजिनाचा आकार आणि कुठल्या शहरात रजिस्टर झाली, एवढ्यावर दर. त्यात शहरांचे दोन झोन. 'ए' झोनमध्ये मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद, अहमदाबाद, बंगळुरू आणि आपलं पुणे. बाकी सगळा देश 'बी'. पुढे १ जानेवारी २००७ पासून ओन डॅमेजचे दर कंपन्यांना मोकळे करून दिले. पण मोकळे झाले तरी जुना दर मापाची पट्टी म्हणून राहिला. कंपन्या त्याच आकड्यापासून सुरुवात करतात आणि त्यावर पन्नास, साठ, सत्तर टक्के सवलत दाखवतात.

चिकपेटेत साड्यांचा सेल लागतो तेव्हा लेबलावरची किंमत खोडून नवी लिहिलेली असते. तिथे निदान शंका तरी येते, की खोडलेली किंमत कधी कुणी दिली होती का? विम्यात ती शंका येत नाही, कारण खोडलेला आकडा सरकारी दरपत्रकातला असतो, छापील असतो. पण आज तो पूर्ण आकडा कुणीच भरत नाही. जो दर कुणीच भरत नाही, त्यावरच्या ७० टक्के सवलतीला सवलत म्हणायचं की किंमत? एका कंपनीची ७० आणि दुसरीची ६० टक्के सवलत यांची तुलना उपयोगाची आहे, हे मान्य. पण नुसत्या ७० टक्क्यांनी हुरळून जाण्यासारखं त्यात काही नाही.

झोनवरून एक जाता जाता. बंगळुरूत बेळगावच्या केए-२२ नंबराच्या आणि कोल्हापूरच्या एमएच-०९ नंबराच्या गाड्या पुष्कळ. गावच्या नंबरावर विमा स्वस्त पडतो, असं त्यांचे मालक अभिमानानं सांगतात. ते खरंही आहे, कारण बेळगाव, कोल्हापूर 'बी' झोनमध्ये. पण किती स्वस्त? सहा लाखांच्या याच गाडीला मूळ दरात फरक ५५२ रुपयांचा, आणि ७० टक्के सवलतीनंतर १६६ रुपयांचा. एवढ्यात हल्ली दोघांचा डोसाही होत नाही.

खरी हातचलाखी आहे ती गाडीच्या किमतीत. पॉलिसीवर आयडीव्ही नावाची एक रक्कम असते. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे मोडली तर जास्तीत जास्त मिळणारी रक्कम ती हीच. नव्या गाडीच्या कंपनी किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा करून ती काढतात. दरपत्रकाप्रमाणे सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पण घासाघीस करून ही रक्कम थोडी वरखाली होऊ शकते. ती खाली आली, की प्रीमियम आपोआप उतरतो आणि पाच कंपन्यांच्या यादीत तीच पॉलिसी सगळ्यात स्वस्त म्हणून वर चमकते.

बाईंनी हेही गणित केलं. आयडीव्ही एक लाखानं कमी केली तर प्रीमियम किती वाचतो? या गाडीला, या सवलती धरून, जीएसटीसकट ७५५ रुपये. आणि गाडी चोरीला गेली तर हातात एक लाख कमी. शिवाय दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण निकामी धरली जाते. आयडीव्ही कमी, तर ती मर्यादाही लवकर गाठली जाते.

हे कागदावरचं भय नाही, हे बंगळुरूनं पाहिलेलं आहे. सप्टेंबर २०२२ मधला तो पाऊस आठवा. बेळ्ळंदूर, येमलूर, वर्तूर, सर्जापूर रोड, आउटर रिंग रोड, सगळं पाण्याखाली. कोट्यवधींच्या बंगल्यांतून माणसं बोटींतून बाहेर काढावी लागली. संगणक कंपन्यांतले लोक ट्रॅक्टरवर बसून कामाला गेले. इमारतींच्या तळघरांत उभ्या असलेल्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या. एका मोटारमालकाला ११ लाखांच्या गाडीच्या दुरुस्तीचा अंदाज २२ लाखांचा मिळाल्याची बातमी त्या महिन्यात देशभर गाजली.

पूर हा साध्या ओन डॅमेज पॉलिसीत येतो. सीट, वायरिंग, दारं यांची भरपाई मिळते. पण इंजिनाचं काय? पाणी शिरलेल्या गाडीला घाबरून किल्ली मारली, की पाणी इंजिनात ओढलं जातं आणि आतले भाग मोडतात. असं नुकसान पुराचं नव्हे, पुरानंतर तुम्ही गाडी सुरू केल्याचं, असं म्हणून साध्या पॉलिसीत ते नाकारलं जातं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन नावाची जोड वेगळी घ्यावी लागते. नूतनीकरणाच्या वेळी बिल कमी दिसावं म्हणून सर्वात आधी काढून टाकली जाते ती हीच. पुणे, मुंबईकर वाचकांनाही हे परकं नाही. बुडालेली गाडी सुरू करू नये, सरळ उचलून गॅरेजला न्यावी. या एका वाक्यानं जितके पैसे वाचतील तितके कुठल्याही सवलतीनं वाचणार नाहीत.

आता छोट्या सवलती. पुण्याच्या एआरएआय या संस्थेनं मान्य केलेलं चोरीविरोधी यंत्र बसवा, अडीच टक्के सवलत. पण दरपत्रकात तिला मर्यादा होती ५०० रुपयांची. मोटारमालकांच्या मान्यताप्राप्त संघटनेचे, म्हणजे मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारख्या संस्थेचे सभासद असाल तर ५ टक्के. मर्यादा २०० रुपये. वर्गणी अर्थात वेगळी. रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत मिळावी म्हणून सभासद व्हा, सवलतीसाठी नको.

याहून मोठी दिसते ती व्हॉलंटरी डिडक्टिबलची सवलत. सोप्या मराठीत, प्रत्येक क्लेममधले पहिले अमुक हजार मी सोसतो, त्याबदल्यात प्रीमियम कमी करा. दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० रुपये तसेही आपल्यालाच भरावे लागतात. हा त्यावरचा वाढीव बोजा. २००२ च्या दरपत्रकात २,५०० रुपये सोसायला २० टक्के पण जास्तीत जास्त ७५० रुपये सवलत होती, आणि १५,००० रुपये सोसायला ३५ टक्के पण जास्तीत जास्त २,५००. म्हणजे पंधरा हजारांचा धोका घेऊन वर्षाला अडीच हजार. सहा वर्षं एकही क्लेम झाला नाही तर बरोबरी. ज्याची गाडी आठवड्यातून एकदा देवळापर्यंत जाते त्याला हे परवडेल. मुलगा नुकताच गाडी शिकतो आहे अशा घरानं या वाटेला जाऊ नये.

आणि एक तर अगदी डोळे मिटून टाळावी अशी सवलत. थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी खासगी मोटारीला साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. दरपत्रकात अशी सोय होती, की हे संरक्षण फक्त ६,००० रुपयांवर आणायचं आणि प्रीमियममध्ये १०० रुपये वाचवायचे. शंभर रुपयांसाठी! समोरच्या परदेशी बनावटीच्या गाडीचा एक दिवा फुटला तरी सहा हजार कुठल्या कुठे जातात. पॉलिसीवर 'टीपीपीडी ६,०००' असं काही दिसलं तर ते काढून टाकायला सांगावं.

मग नो क्लेम बोनस निरुपयोगी का? मुळीच नाही. उलट सगळ्या सवलतींत खरी सवलत तीच, कारण ती कंपनीच्या मर्जीवर नाही. पहिल्या बिनक्लेमी वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. पायऱ्या ठरलेल्या, आणि कंपनी बदलली तरी बोनस तुमच्याबरोबर येतो. मात्र पॉलिसी संपून ९० दिवस उलटले, की तो गेला. एक क्लेम केला तरी गेला, मग तो क्लेम आरशाचा असो की बॉनेटचा.

बंगळुरूत आरशाचे क्लेमच जास्त. हे शहर टॉमटॉम या संस्थेच्या २०२२ च्या पाहणीत गर्दीच्या क्रमवारीत जगात दुसरं आलं होतं. दहा किलोमीटर जायला सरासरी २९ मिनिटं. सिल्क बोर्डच्या चौकात वेगानं अपघात होत नाहीत, हळूहळू ओरखडे पडतात. बंपर, दार, फेंडर. गॅरेजवाला म्हणतो, इन्शुरन्स आहे ना साहेब, क्लेम टाकून देऊ.

टाकायचा का? ३५ टक्के बोनसवर असलेल्या माणसानं क्लेम केला नाही तर पुढे त्याला ४५, ५०, ५०, ५०, ५० टक्के मिळत जातील. केला तर ०, २०, २५, ३५, ४५. वर्षावर्षाचा फरक ४५, ३०, २५, १५ आणि ५. बेरीज १२० टक्के. म्हणजे एका क्लेमची किंमत एका वर्षाच्या ओन डॅमेज प्रीमियमच्या सव्वापटीच्या आसपास, पाच वर्षांत विभागून भरायची. तो प्रीमियम वर्षाला ५,००० धरला तर ६,०००, जीएसटीसकट ७,०८०. दर वर्षी आयडीव्ही उतरते म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. आता बंपरचं बिल सहा हजार. त्यातून हजार रुपये आपले, आणि झीरो डेप नसेल तर प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा. कंपनीकडून मिळणार तीन-चार हजार. एवढ्यासाठी सहा-सात हजार घालवायचे? खिशातून भरून मोकळं व्हावं. युरोपातल्या विमा-गणितज्ञांनी या मोहाला 'बोनसची भूक' असं नाव ठेवलं आहे. भूक वाईट नाही, पण तिचा हिशेब माहीत हवा. कारण याचीच दुसरी बाजूही आहे. साठ हजारांचा क्लेमसुद्धा बोनस जाईल म्हणून न करणारी माणसं असतात, आणि ती सात हजारांसाठी पन्नास हजार घालवतात.

बोनसचं सोनं होतं ते गाडी बदलताना. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घ्यावं. ते तीन वर्षं चालतं. नव्या गाडीच्या पहिल्याच वर्षी, जेव्हा प्रीमियम सर्वात जास्त असतो, तेव्हा ते वापरता येतं. दहा लाखांच्या नव्या गाडीची आयडीव्ही साडेनऊ लाख. मूळ प्रीमियम ३१,१८९. शोरूमनं त्यात ४० टक्के सवलत दिली तर १८,७१३. पन्नास टक्के बोनसचं पत्र पुढे केलं, की त्यातले निम्मे गेले. जीएसटीसकट ११,००० रुपयांची बचत, एका कागदावर! शोरूममधला मुलगा हे पत्र आपणहून मागेलच असं नाही. त्याच्या टेबलावर विमा 'पॅकेज'मध्ये असतो. तो तिथूनच घ्यायला पाहिजे अशी सक्ती मात्र कुणी करू शकत नाही. विक्रेत्यांच्या विमाविक्रीसाठी २०१७ मध्ये नियामकानं नियम केले, त्यांत ग्राहकाची निवड मोकळी ठेवली आहे.

परदेशात काही वर्षं राहून बंगळुरूला परतलेली मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. तिथे कमावलेला बोनसही दरपत्रकाच्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या आत इथे लागू करून घेता येतो. तिकडच्या कंपनीचं पत्र तेवढं हवं. आणि घरातला मोटारमालक वारला, गाडी पत्नीकडे, मुलांकडे किंवा आईवडिलांकडे राहिली, तर त्याचा बोनस त्यांच्याकडे जातो. त्या दिवसांत कुणाला याची आठवण राहत नाही, आणि तीन महिन्यांत पॉलिसीच संपून जाते.

याच्या उलट, जुनी गाडी विकत घेणाऱ्यानं आधीच्या मालकाच्या बोनसवर डोळा ठेवू नये. गाडी नावावर झाली, की १४ दिवसांच्या आत पॉलिसीही नावावर करण्याचा अर्ज द्यावा आणि बोनसचा फरक भरावा. काही हजार वाचवायला पॉलिसी जुन्याच नावावर चालू ठेवणारे पुष्कळ. अपघात झाला की कंपनी विचारते, ही गाडी तुमची, मग विमा कुणाचा? तसंच, गेल्या वर्षी क्लेम घेऊनही नव्या कंपनीला 'क्लेम नाही' असं लिहून देणं. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की हे विधान खोटं निघालं तर ओन डॅमेजचे सारे फायदे जप्त. सवलत मिळते, विमा जातो.

ओळखीचा एजंट स्वतःच्या कमिशनमधून काही परत देतो म्हणाला, तर? १९३८ च्या विमा कायद्याच्या ४१ व्या कलमानं असा परतावा देणं आणि घेणं, दोन्हीला मनाई केली. २०१५ च्या दुरुस्तीत दंड दहा लाखांपर्यंत गेला. लोक घेतात, ही गोष्ट वेगळी.

एजंटाशिवाय, फोनवर विमा विकणाऱ्या कंपन्यांचं माहेरघर आता बंगळुरूच झालं आहे. अ‍ॅको इथलीच. गो डिजिटचा कारभार कोरमंगलातून चालतो, नोंदणीचा पत्ता पुण्याच्या शिवाजीनगरचा. जुलै २०२२ मध्ये नियामकानं नव्या प्रकारच्या जोडपॉलिसींना परवानगी दिली. जितके किलोमीटर चालवाल तितका प्रीमियम, आणि जशी चालवाल तसा प्रीमियम. घरून काम करणाऱ्या, मेट्रोनं ऑफिस गाठणाऱ्या माणसासाठी ही सवलत खरी आहे, कारण त्याची गाडी रस्त्यावर कमी येते, म्हणजे धोकाही कमी. फक्त किलोमीटरची मर्यादा जपून निवडावी. मर्यादा ओलांडली आणि जादा किलोमीटर विकत घ्यायचं राहून गेलं, तर क्लेमच्या वेळी वाद ठरलेला. बंगळुरू ते बेळगाव एक फेरी म्हणजेच हजार किलोमीटर!

आपल्याकडेच हा गोंधळ आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये नव्या ग्राहकाला स्वस्त आणि निष्ठावंत जुन्याला महाग, असा प्रकार इतका बोकाळला, की १ जानेवारी २०२२ पासून तिथल्या नियामकानं जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त दर लावायला बंदी घातली. कॅलिफोर्नियात १९८८ मध्ये लोकांनी मतदान करून चांगल्या चालकाला २० टक्के सवलत कायद्यानंच मिळवून दिली. आपल्याकडे वाहतुकीचे नियम मोडणाऱ्याचा प्रीमियम वाढवावा, असा विचार नियामकाच्या एका अभ्यासगटानं २०२१ मध्ये मांडला आणि दिल्लीपासून सुरुवात सुचवली. बंगळुरूत सवलत मिळाली ती मात्र दंडावर. फेब्रुवारी २०२३ मध्ये थकलेले दंड निम्म्यात भरा म्हटल्यावर लोकांनी रांगा लावून १२० कोटींहून जास्त भरले. नियम मोडणाऱ्याला पन्नास टक्के एका झटक्यात, आणि न मोडणाऱ्याला पन्नास टक्के मिळायला पाच वर्षं.

जयनगरच्या त्या घरात दुपारपर्यंत टेबलावर कागद पसरलेले. बाईंनी आयडीव्ही पूर्ण ठेवली, इंजिनाची जोड घेतली, डिडक्टिबलची खूण काढली. दुसऱ्या दोन कंपन्यांचे आकडे त्याच आयडीव्हीवर आणि त्याच जोडींसह मागवले. त्यातली एक कंपनी साडेसहाशेनं स्वस्त निघाली. तिची जाहिरातीतली सवलत सगळ्यात कमी होती.

"अहो, ती जुनी गाडी विकली तेव्हा बोनसचं पत्र घेतलं होतं का?"

"कसलं पत्र?"

"म्हणजे नाहीच घेतलं," म्हणत त्या जेवणाची पानं घ्यायला उठल्या.